गरवायला जाताना पाण्याखालचा कॅमेरा: पहिला कोणता घ्यावा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. तुम्ही पुण्यात राहता, सुट्टीला पानशेत-वरसगावच्या काठावरून गळ टाकता आणि वर्षातून दोन-तीनदा देवगडला मामांच्या होडीतून खाडीत आणि बाहेरच्या खडपांवर, म्हणजे समुद्रातल्या खडकाळ जागांवर, गरवता. मासा आमिषापर्यंत येतच नाही, की येऊन परत फिरतो, हे तुम्हाला डोळ्यांनी बघायचे आहे. जमले तर घरच्यांना दाखवायला व्हिडिओही हवा आहे. वीस हजारांच्या आसपास खर्चाची तयारी आहे आणि असा कॅमेरा यापूर्वी कधी हाताळलेला नाही.

मी बरीच वर्षे मालवण भागात डायव्हिंगच्या बोटींवर काम केले, आता गरवणाऱ्यांच्या सहलींना पाण्याखालचे चित्रण करून देतो. कॅमेऱ्यांची नावे सांगण्याआधी एक काम सांगतो, कारण ते न करता घेतलेला कॅमेरा बहुधा कपाटात जाऊन बसतो.

घरातली एक पांढरी बशी घ्या, मेलामाइनची असली तर उत्तम. तिला भोके पाडून दोरी बांधा, खाली शिसे लावा आणि दोरीला दर अर्ध्या मीटरला गाठ मारा. भर दुपारी, होडीच्या किंवा काठाच्या सावलीच्या बाजूने ती हळूहळू पाण्यात सोडा आणि कितव्या गाठीला दिसेनाशी होते ते मोजा. ही युक्ती माझी नव्हे. इटलीतले पाद्री आणि खगोलशास्त्रज्ञ अँजेलो सेक्की यांनी १८६५ मध्ये भूमध्य समुद्रात पांढऱ्या तबकड्या सोडून पाण्याचा निवळपणा असाच मोजला होता, आणि तलाव-धरणांचा अभ्यास करणारे लोक आजही ‘सेक्की तबकडी’ वापरतात. माझा ठोकताळा असा आहे की बशी जेवढ्या खोलीवर नाहीशी होते, त्याच्या साधारण निम्म्या अंतरापर्यंतचा मासा कॅमेऱ्यात ओळखू येतो. बशी एक मीटरवर गडप झाली तर अर्ध्या मीटरच्या पलीकडचा मासा तुम्हाला सावलीसारखा दिसेल, मग कॅमेरा दहा हजारांचा असो की पन्नास हजारांचा.

पानशेतला पावसाळ्यात आणि नंतरही काही आठवडे पाणी तांबूस गढूळ असते. दिवाळीनंतर गाळ बसू लागतो. खाडीत वर्षभर गाळ हलत असतो, तिथे बशी मीटरभरही टिकत नाही असे दिवस पुष्कळ. देवगड-मालवणच्या बाहेरच्या खडपांवर हिवाळ्यात पाणी खरे उघडते. म्हणजे तुमच्याकडे एक नाही, तीन वेगवेगळी पाणी आहेत आणि त्यांतल्या दोन ठिकाणी दृष्टी आखूड आहे. पुढचे सगळे उत्तर या एका गोष्टीवर उभे आहे.

बाजारात गरवणाऱ्यांसाठी तीन प्रकार मिळतात. लांब केबलच्या टोकाला कॅमेरा आणि वर हातात स्क्रीन, हा पहिला. गोप्रो, ओस्मो अॅक्शन वगैरे अॅक्शन कॅमेरे, हा दुसरा. आणि तंगुसावरच, म्हणजे गळाच्या नायलॉन दोऱ्यावरच, गळाच्या अलीकडे बांधायचा लहान लांबट कॅमेरा, हा तिसरा. तुम्हाला मी पहिला सुचवतो: सात इंची स्क्रीन, तीस मीटर केबल आणि रेकॉर्डिंगची सोय असलेला. का, ते सांगतो.

तुमचा मूळ प्रश्न मासा येतो की नाही हा आहे. त्याचे उत्तर तिथल्या तिथे मिळाले तरच उपयोग, म्हणजे आमिष बदलता येते, खोली बदलता येते, जागा सोडता येते. अॅक्शन कॅमेरा पाण्यात गेला की मोबाइलशी त्याचा संबंध तुटतो. वाय-फाय आणि ब्लूटूथच्या लहरी पाणी काही सेंटिमीटरमध्येच शोषून घेते, आणि खाऱ्या पाण्यात तर आणखी लवकर. ‘मोबाइलवर लाइव्ह बघा’ असे खोक्यावर छापलेले असले तरी ते हवेतले लाइव्ह. तुम्ही तासभर आंधळेपणाने चित्रण करणार आणि घरी आल्यावर कळणार की लेन्स सगळा वेळ चिखलाकडे तोंड करून होती. केबलचा कॅमेरा हे सोडल्यापासून तिसऱ्या सेकंदाला सांगतो. नवख्या माणसासाठी हा फरक चित्राच्या दर्जापेक्षा फार मोठा आहे.

मात्र या केबल कॅमेऱ्यांच्या जाहिरातींवर जाऊ नका. हा प्रकार वाढला तो अमेरिकेत मिनेसोटासारख्या थंड राज्यांत आणि कॅनडात, गोठलेल्या तळ्यांवर. बर्फाला भोक पाडायचे, कॅमेरा सरळ खाली सोडायचा. बर्फाखाली लाटा नाहीत, वारा नाही, पाणी जवळपास स्थिर, गाळ तळाशी बसलेला. जाहिरातीत काचेसारखा स्वच्छ दिसणारा तो मासा तिथला आहे. आपल्या खाडीत पाणी ओढत असते. दहा मीटर खोलीवर कॅमेरा न्यायचा तर प्रवाहात केबल धनुष्यासारखी वाकते आणि पंधरा-वीस मीटर केबल सहज जाते. म्हणून पंधरा मीटरची स्वस्त आवृत्ती घेऊ नका. पन्नास मीटरचीही गरज नाही. ती जड, गुंतणारी आणि तुमच्या पाण्याला निरुपयोगी.

घेताना काय बघायचे? सगळ्यात आधी रेकॉर्डिंग. दिसायला सारख्याच दोन आवृत्त्या मिळतात, एकीत फक्त बघता येते, दुसरीत डीव्हीआर, म्हणजे चित्रण साठवणारा भाग, आणि मायक्रो एसडी कार्डाची जागा असते. किमतीत फरक थोडा, पश्चात्ताप मोठा. मग स्क्रीनचा उजेड. कोकणातल्या उन्हात साधी स्क्रीन काळी ठिक्कर दिसते. सोबत कापडी किंवा प्लास्टिकचा आडोसा मिळतो तो लागेलच, तरीही काळी छत्री जवळ ठेवा. सव्वाचार इंचाच्या स्क्रीनवर हलत्या होडीत काही कळत नाही, सात इंच पुरे, नऊ इंची बॅटरी लवकर खाते. कॅमेऱ्याच्या शरीराला मागे शेपटीसारखा पंख असेल तर तो प्रवाहात एकाच दिशेला तोंड करून राहतो, नाहीतर गोल फिरत बसतो. केबल आणि स्क्रीनचा जोड बहुतेक वेळा चार पिनांचा गोल, आट्यांचा कनेक्टर असतो. तो पाण्यात जाण्यासाठी केलेला नसतो. तिथे खारे पाणी शिरले की महिन्याभरात हिरवा गंज चढतो. जोडल्यावर वर चिकटपट्टी गुंडाळायची, एवढे साधे आहे, पण बहुतेक जण करत नाहीत.

रेझोल्यूशनच्या आकड्यांमागे लागू नका. या वर्गातल्या जुन्या कॅमेऱ्यांवर ‘१००० टीव्हीएल’ लिहिलेले असते. ते अॅनालॉग कॅमेऱ्यांचे माप आहे, १०८०पी नव्हे. नव्यांत ७२०पी किंवा १०८०पी मिळते, मिळाले तर घ्या. पण अर्धा मीटर दिसणाऱ्या पाण्यात हे दोन्ही जवळजवळ सारखेच दिसतात.

दिव्यांबद्दल जरा थांबून बोलू, कारण नवे लोक इथेच सगळ्यात जास्त फसतात. ‘रात्रीही स्वच्छ दिसेल’ म्हणून लेन्सभोवती दिव्यांची माळ असलेला कॅमेरा घेतात. पाण्यात तरंगणारा प्रत्येक कण तो उजेड सरळ लेन्सकडे परत फेकतो. घाटात दाट धुक्यात गाडीचा अप्पर लावला की समोर पांढरी भिंत उभी राहते, तसेच. म्हणून दिवे कमी-जास्त करता येतील आणि पूर्ण बंदही करता येतील असाच कॅमेरा घ्या आणि दिवसा ते बंदच ठेवा. काहींत पांढऱ्याऐवजी इन्फ्रारेड दिवे असतात. बहुतेक माशांना तो उजेड दिसत नाही, त्यामुळे ते बुजत नाहीत, हा फायदा खरा. पण इन्फ्रारेड पाण्यात फार लवकर शोषला जातो, त्यामुळे मीटरभराच्या आतच दिसते आणि तेही कृष्णधवल. गढूळ पाण्यात आमिषाशेजारीच कॅमेरा ठेवणार असाल तर हे पुरते. दोन्ही प्रकारचे दिवे बदलता येणारे मॉडेल मिळाले तर तेच घ्या.

रंगांचेही तसेच. पाणी लाल रंग सगळ्यात आधी गिळते. पाच-सहा मीटरवर तांबोशी हा लाल मासा तांबडा दिसत नाही, राखाडी-तपकिरी दिसतो. मोकळ्या निळ्या समुद्रात निळा उजेड खोलवर पोचतो, आपल्या किनाऱ्याजवळच्या शेवाळी पाण्यात हिरवा. त्यामुळे व्हिडिओ हिरवा आला म्हणून कॅमेरा परत पाठवू नका. लेन्सवर लावायचे लाल फिल्टरही आत्ता घेऊ नका, ते निवळ निळ्या पाण्यासाठी असतात. हिरव्या पाण्यात आधीच कमी असलेला उजेड आणखी अडवतात.

आता अॅक्शन कॅमेऱ्यांबद्दल. तुम्हाला मुख्यत्वे दाखवायलाच चित्रण हवे असते तर मी हाच सांगितला असता. चित्राच्या दर्जात केबलवाले याच्या जवळपासही येत नाहीत. गोप्रोचे हिरो ९ पासून हिरो १३ पर्यंतचे ब्लॅक कॅमेरे कवचाशिवाय (वरून घालायच्या जलरोधक डबीशिवाय) १० मीटर आणि कंपनीच्या कवचात ६० मीटर खोलीसाठी आहेत. ओस्मो अॅक्शन ४ कवचाशिवाय १८ मीटर, अॅक्शन ५ प्रो २० मीटर, कवचात दोन्ही ६० मीटर. एक सावधगिरी: २०२४ मध्ये आलेला गोप्रोचा छोटा, स्वस्त ‘हिरो’ फक्त ५ मीटरचा आहे. नाव तेच असल्याने दुकानात सरसकट ‘वॉटरप्रूफ आहे’ म्हणून तो हातात दिला जातो. गढूळ, अंधाऱ्या पाण्यात कॅमेऱ्याचा सेन्सर, म्हणजे उजेड टिपणारी चकती, किती मोठा हे ४केपेक्षा महत्त्वाचे. ओस्मो अॅक्शन ४ आणि ५ प्रो मधला सेन्सर १/१.३ इंचाचा आहे, गोप्रोच्या या ब्लॅक मालिकेपेक्षा मोठा, आणि संध्याकाळच्या उजेडात तो फरक दिसतो. तुमच्या पैशांत नवा उत्तम अॅक्शन कॅमेरा, कवच, जादा बॅटरी आणि कार्ड सगळे बसणे कठीण आहे. मागच्या पिढीचा कॅमेरा घेतलात तर बसेल. वापरलेला घेत असाल तर बॅटरीच्या आणि यूएसबीच्या दाराची रबरे नीट बघा. त्या रबरावर चीर असली तर बाकी कॅमेरा कितीही चकचकीत असो, सोडून द्या.

तिसऱ्या प्रकारात गोफिशकॅम, वॉटर वुल्फ अशी नावे ऐकू येतात. गळ आणि कॅमेरा एकाच तंगुसावर असल्याने मासा थेट लेन्ससमोर झडप घालतो आणि चित्रण बघणाऱ्याचा श्वास रोखला जाईल असे येते. चालत्या बोटीमागे सुरमईसाठी ओढायला हा प्रकार मला आवडतो. पण पहिला कॅमेरा म्हणून नको. त्याचे वजन आणि आकार दोन्ही फेकीत आडवे येतात, हलकी काठी असेल तर जास्तच. त्याहून मोठे कारण खडप. तुम्ही गोबऱ्यासाठी दगडांत गळ सोडणार, तो खाचेत अडकणार, तंगूस तुटणार. एरवी शिसे आणि गळ जातो, इथे हजारोंची वस्तू जाईल.

आणखी दोन गोष्टी लोक विचारतात, लगेच निकालात काढतो. हजार-पाचशेला मिळणारा, मोबाइलला जोडायचा एंडोस्कोप कॅमेरा गाडीच्या इंजिनात किंवा तुंबलेल्या पाइपात डोकवायला चांगला आहे. त्याचा फोकस काही सेंटिमीटरवर पक्का केलेला असतो आणि बहुतेकांवर आयपी६७ लिहिलेले असते, म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास. गरवायला तो उपयोगाचा नाही. दुसरे, मोबाइल प्लास्टिकच्या पिशवीत घालून पाण्यात सोडणे. मोबाइलची आयपी६८ ही चाचणी गोड्या पाण्यात होते, आणि पाण्याने झालेले नुकसान बहुतेक कंपन्या वॉरंटीत धरत नाहीत. नको.

आयपी६८चा विषय निघालाच आहे तर: या आकड्याला खोली जोडलेली नसेल तर त्याला अर्थ नाही. आयपी६८ म्हणजे मीटरपेक्षा जास्त खोल, पण किती खोल आणि किती वेळ हे ज्याची त्याची कंपनी ठरवते. समुद्रात दर १० मीटरला एक वातावरणाचा दाब वाढतो. दहा मीटरवर दुप्पट, तीस मीटरवर चौपट. केबल तीस मीटरची आहे म्हणून कॅमेराही तीस मीटर सोसेल असे गृहीत धरू नका, दोन्ही आकडे वेगवेगळे लिहिलेले असले पाहिजेत.

आता वापर. पानशेतच्या काठावरून केबल कॅमेरा फेकता येत नाही, ही त्याची खरी अडचण आहे. उपाय बांबूचा. चार-पाच मीटरच्या बांबूच्या टोकाला केबल टायने कॅमेरा बांधा आणि उतार तीव्र आहे अशा ठिकाणी काठापासून बांबूभर आत, दोन-तीन मीटर पाण्यात सोडा. आमिषही तिथेच. चिलापी, रोहू काठाजवळ येतात, त्यासाठी लांब फेकायची गरज नसते. होडीतून सोडताना कॅमेऱ्याला वेगळी दोरी बांधा आणि शिसे त्या दोरीला लावा. ओझे दोरीने घ्यायचे, केबलने फक्त चित्र आणायचे. केबलच्या आतल्या तारा ओढ सहन करण्यासाठी नसतात. तुटतात त्या बाहेरून दिसत नाहीत, फक्त चित्र मधूनमधून जाऊ लागते.

कॅमेरा तळाला टेकवू नका. तळापासून हात-दीड हात वर ठेवा, नाहीतर प्रत्येक लाटेला गाळ उडेल. आमिष आणि लेन्स यांत अर्धा-पाऊण मीटर अंतर ठेवा, गढूळ पाण्यात त्याहूनही कमी. पाण्यात सपाट काचेतून वस्तू सुमारे पाव अंतराने जवळ आणि साधारण एक तृतीयांशाने मोठ्या दिसतात आणि लेन्सचा कोन आकसतो, त्यामुळे खोक्यावर ११० अंश लिहिलेले असले तरी पाण्यात तेवढे मिळणार नाही. सूर्य कॅमेऱ्याच्या मागे राहील असे बघा. पाणी फारच गढूळ असेल तर उलट करा, कॅमेरा किंचित वर तोंड करून ठेवा, म्हणजे वरच्या उजेडावर माशाची काळी आकृती तरी उमटते. आणि सोडल्यावर दहा मिनिटे हलवू नका. कॅमेरा पडल्यावर पांगलेले मासे परततात, पण तुम्ही दर मिनिटाला जागा बदललीत तर कधीच परतणार नाहीत.

काय दिसेल? खाडीत पहिल्यांदा बहुधा खेकडा दिसेल. ‘मासा हळूच आमिष खाऊन जातो’ अशी तक्रार करणारे पुष्कळ जण असतात, आणि स्क्रीनवर बघितले तर खेकडा दोन्ही नांग्यांनी कोळंबी सोलत बसलेला असतो. धरणात चिलापीची बोटभर पिल्ले आमिष कुरतडून गळ रिकामा करतात. काठावर तुम्हाला वाटते मोठा मासा चुकला. तांबोशी मात्र बघण्यासारखी. ती आमिषाभोवती फिरते, लांब जाते, पुन्हा येते, आणि तंगूस जाड किंवा ताठ असेल तर तोंडाशी आणून सोडून देते. शिंगाळा उलट, वासावर येतो, मिशा टेकवतो आणि गिळतो, त्याला तंगुसाशी देणेघेणे नाही. तुम्हाला हवे असलेले उत्तर या अशा बघण्यात आहे, आणि ते अंधूक ७२०पी चित्रातही मिळते.

खाडीत कधी जायचे हे कॅमेऱ्याइतकेच महत्त्वाचे. अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाणी जोरात ओढते आणि सगळा गाळ वर येतो. डोलवाल्यांना, म्हणजे प्रवाहात पिशवीसारखे जाळे लावणाऱ्यांना, तीच ओढ हवी असते, तुम्हाला नको. अष्टमी-नवमीच्या सुमारास भांग असते, भरती-ओहोटीतले अंतर कमी, पाणी मंद. तेव्हा जा, आणि त्यातही भरती पूर्ण होऊन पाणी थांबते तो अर्धा तास पकडा. भरतीबरोबर समुद्राचे निवळ पाणी आत आलेले असते. ओहोटीला वरचे गढूळ पाणी खाली उतरते आणि तुमची स्क्रीन चहाच्या रंगाची होते. मामांना तिथीवरून हे सगळे तोंडपाठ असेल, त्यांना विचारा. अॅप लागणार नाही.

रात्रीचे एक सांगून ठेवतो. समुद्रात एलईडी दिवे लावून मासे गोळा करण्यावर केंद्र सरकारने २०१७ मध्ये बंदी घातली आणि त्यावरून कोकणात पारंपरिक मच्छीमार आणि मोठ्या बोटी यांच्यात संघर्ष झाले आहेत. तुमचा अंगठ्याएवढा कॅमेऱ्याचा दिवा म्हणजे ती मासेमारी नव्हे, पण रात्री होडीतून पाण्यात उजेड सोडलेला लांबून दिसला तर लोकांनी संशय घ्यावा हे साहजिक आहे. गावातल्या माणसांना आधी सांगून ठेवा, किंवा रात्री इन्फ्रारेडवरच भागवा. मालवणला गेलात तर सिंधुदुर्ग किल्ला आणि पद्मगडाच्या भोवतीचा भाग १९८७ पासून सागरी अभयारण्यात आहे, तिथे गळ टाकण्याआधी वन विभागाकडे चौकशी करा. धरणांतही मासेमारीचे हक्क संस्थांना किंवा ठेकेदारांना दिलेले असतात. काठावर कॅमेरा आणि तारा घेऊन बसलेला माणूस लगेच नजरेत भरतो, तेव्हा परवानगी आधीच काढलेली बरी.

निगा राखण्याचे दोन नियम आहेत, बाकी सगळे त्यातून येते. एक: खारे पाणी कॅमेऱ्यावर वाळू द्यायचे नाही. होडीतच गोड्या पाण्याची बादली ठेवा, कॅमेरा आणि केबलचे पहिले काही मीटर त्यात बुडवून ठेवा, घरी गेल्यावर पुन्हा अर्धा तास. नळाच्या धारेखाली धरू नका, धार ओ-रिंगच्या, म्हणजे पाणी अडवणाऱ्या रबरी कड्याच्या, फटीत मीठ आणि वाळू घुसवते. दोन: ओले असताना कुठलेही झाकण उघडायचे नाही. अॅक्शन कॅमेऱ्याचे कवच असेल तर ओ-रिंगवर केस, वाळूचा कण, टॉवेलचा धागा काही नाही हे उजेडात बघून बंद करा. दमट हवेत कवच बंद केले की आतली वाफ थंड पाण्यात काचेवर जमते आणि सगळे चित्रण धुक्यातले येते. म्हणून ते घरीच, पंख्याखाली किंवा एसीच्या खोलीत बंद करा आणि आत सिलिका जेलची पुडी किंवा तयार मिळणारी धुके शोषणारी पट्टी ठेवा. होडीत कार्ड बदलायला कवच उघडायची वेळ येऊ नये म्हणून कार्ड मोठे घ्या. ४के चित्रण सेकंदाला ६० मेगाबिटने केले तर तासाला सुमारे २७ जीबी जागा जाते. १०८०पीवर ठेवलेत तर १२८ जीबीचे कार्ड दिवसभर पुरावे. केबलवाल्या डीव्हीआरना मात्र मोठी कार्डे अनेकदा चालत नाहीत, त्यांना ३२ जीबी द्या आणि त्यांच्याच मेनूतून फॉरमॅट करा.

होडीत केबल पायाशी मोकळी पडू देऊ नका. ती बादलीत गोल सोडत जा, म्हणजे गुंतत नाही आणि पाय अडकत नाही. इंजिन सुरू करण्याआधी कॅमेरा वर आला आहे का हे मामांनी नव्हे, तुम्ही बघायचे.

पैशांची विभागणी अशी करा: पंधरा हजारांच्या आत कॅमेरा, उरलेल्यात कार्ड, दोरी, शिसे, पाणी न शिरणारी पेटी आणि स्क्रीनला बाहेरून जोडता येईल अशी १२ व्होल्टची जादा बॅटरी. केबल सुटी विकत मिळेल का, हे विक्रेत्याला आधीच विचारा. हे कॅमेरे मरतात ते बहुधा केबलमुळे. परदेशातून स्वतः मागवलेत तर सीमाशुल्क द्यावे लागेल आणि बिघडल्यास परत पाठवणे जवळपास अशक्य, म्हणून देशातल्या विक्रेत्याकडून, परतीची मुदत असलेलाच घ्या.

पावसाळ्यात मात्र मागवू नका. जून-जुलैत समुद्रात जाता येत नाही, धरण गढूळ असते आणि परतीची मुदत कॅमेरा खोक्यातच असताना संपते. दसरा-दिवाळीला किमती उतरतात आणि पाणीही निवळू लागते, तेव्हा घ्या. आला त्याच दिवशी तो पिंपात तासभर बुडवून ठेवा. बुडबुडे येतात का, चित्र जाते का, रेकॉर्डिंग खरेच कार्डावर उतरते का ते बघा, आणि ते लॅपटॉपवर उघडूनही बघा. मग पानशेतला तीन मीटर, तिथे कोरडा राहिला तर देवगडला दहा मीटर.